पिल्लाच्या डोक्यावरचा पांढरा ठिपका

खडकीच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रातून किंवा एखाद्या खासगी हॅचरीतून एक दिवसाची पिल्लं घरी आली, की पहिला प्रश्न ठरलेला: यात तलंगा, म्हणजे माद्या किती आणि कोंबडे किती? मिश्र पिल्लांत साधारण निम्मे-निम्मे धरायचे. तलंग पाच-सहा महिन्यांनी अंड्यावर येते. कोंबडा मात्र वेळेत विकला नाही, तर नुसता खाद्य खात राहतो. सरकारी योजनेतून वाढवलेल्या पक्ष्यांचा गट मिळतो, त्यातही २५ तलंगांमागे ३ नर असतात, कारण कळपाला तेवढे पुरतात. बाकीच्या नरांचं काय करायचं, हे पहिल्याच दिवशी कळलं तर खाद्य, जागा आणि विक्री या तिन्हींचा हिशेब सोपा होतो.

टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो आणि गोल अंड्यातून तलंग, असं अनेक जण खात्रीने सांगतात. हे खरं नाही. अंड्याचा आकार ते घालणाऱ्या कोंबडीवर अवलंबून असतो. एखादी कोंबडी जन्मभर टोकदार अंडी घालते आणि त्यातून नर-मादी दोन्ही निघतात. उबवणीचं तापमान बदलूनही लिंग बदलत नाही. मगरीत आणि बऱ्याच कासवांत तसं होतं, कोंबडीत नाही.

माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं. पक्ष्यांत उलट आहे. कोंबड्याकडे दोन झेड गुणसूत्रं असतात, कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. कोंबडीने बलकाबरोबर झेड दिलं तर नर, डब्ल्यू दिलं तर मादी. हा निवाडा बलक अंडाशयातून सुटण्याच्या सुमारासच होतो. कवच चढतं त्यानंतर कित्येक तासांनी. म्हणजे कवचाला आकार येतो तेव्हा लिंग ठरून गेलेलं असतं.

आता कामाची गोष्ट. आईचं झेड फक्त लेकांना मिळतं, लेकींना कधीच नाही. लेकीला झेड मिळतं ते बापाचं. पिसांच्या रंगाची काही जनुकं याच झेडवर बसलेली आहेत आणि डब्ल्यूवर त्यांची जोडीदार प्रत नाही. त्यामुळे जोडी नीट निवडली, तर आईचा रंग लेकांच्या अंगावर आणि बापाचा लेकींच्या अंगावर उतरतो.

सगळ्यात देखणं उदाहरण आडव्या पट्ट्यांचं. बार्ड प्लिमथ रॉक ही कोंबडी काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची. पीस वाढत असताना रंगपेशी थोडा वेळ काळा रंग भरतात, मग पट्ट्यांच्या जनुकामुळे त्या वेळेआधीच संपतात आणि तेवढा भाग पांढरा राहतो. मागून नव्या रंगपेशी येतात, पुन्हा काळा पट्टा. हे जनुक झेडवर आहे आणि त्याची एक प्रत असली तरी पट्टे दिसतात. या कोंबडीवर ऱ्होड आयलंड रेड, म्हणजे आपला बिनपट्ट्यांचा तांबडा आरआयआर कोंबडा सोडला, तर सगळी पिल्लं काळ्या लवेची निघतात. लेकांना आईचं पट्टेवालं झेड मिळालेलं असतं, आणि त्याची खूण पहिल्याच दिवशी दिसते: डोक्यावर, जरा मागच्या बाजूला, विस्कटलेल्या कडांचा पांढुरका ठिपका. लेकींचं डोकं काळंभोर. पिल्लू तळहातावर घेऊन उजेडात वरून पाहायचं. पोटाखालच्या पांढरेपणावर जाऊ नका, तो दोघांतही असतो. मोठेपणी लेक पट्टेदार होतात आणि लेकी काळ्या, मानेवर तांबूस झाक असलेल्या.

जोडी उलटी लावली, म्हणजे पट्टेदार कोंबडा आणि आरआयआर कोंबडी, की हा फायदा गेला. बाप लेकांना आणि लेकींना दोघांनाही पट्टेवालं झेड देतो, मग ठिपका सगळ्यांच्याच डोक्यावर. कोणता पक्षी कोणत्या बाजूला, यावरच सगळं अवलंबून आहे.

सोनेरी-चंदेरी रंगाचा नियमही हाच. सोनेरी गटातला आरआयआर कोंबडा आणि लाइट ससेक्ससारखी चंदेरी कोंबडी: लेक फिकट पिवळे, लेकी तांबूस. पिसं किती वेगाने वाढतात हेही झेडवरच्या एका जनुकावर ठरतं. त्यावर बेतलेल्या संकरात पहिल्या दिवशी पंख पसरून पाहतात. लांब-आखूड पिसांच्या दोन ओळी स्पष्ट दिसल्या तर मादी, सगळी सारखी दिसली तर नर. पिल्लू दोन-तीन दिवसांचं झालं की हा फरक पुसट होतो, म्हणून हे काम हॅचरीतच उरकतात.

या ज्ञानाचा पोटापाण्यासाठी उपयोग करा, हे आग्रहाने सांगणारा माणूस म्हणजे रेजिनाल्ड पनेट. पिल्लांत आई-बापाचे गुण कसे उतरतील हे मांडायला ज्यांच्या नावाचा चौकोन आपण शाळा-कॉलेजात काढतो, ते हे ब्रिटिश आनुवंशिकी शास्त्रज्ञ. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये धान्याची टंचाई होती, तेव्हा नको असलेले नर पिल्लं असतानाच रंगावरून वेगळे काढा, असं त्यांनी सुचवलं. आज जगात बहुतेक ठिकाणी लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळायच्या जातीचे नर पहिल्याच दिवशी मारले जातात. जर्मनीने २०२२ पासून त्यावर बंदी घातली आणि तिथे अंड्यातच लिंग ओळखायच्या तंत्राकडे वळले. आपल्या रस्त्यांवर गुलाबी-हिरव्या रंगात बुडवून विकतात ती पिल्लंही बहुतेक असेच नकोसे नर असतात. ती विकत घेऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. गावरान धाटणीच्या संकरात मात्र कोंबड्यालाही मटणासाठी चांगला भाव मिळतो, त्यामुळे नर ओळखून तो वेगळा वाढवता येतो. मला संकराचं मोल इथेच सर्वांत जास्त वाटतं.

अर्थात पिल्लू जगलं तर. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली, म्हणजे ऊब देणाऱ्या दिव्याखाली ३३ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला अडीच-तीन अंशांनी कमी करायची. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा वीज गेली तर काय, याची सोय आधी हवी. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे पाहा: दिव्याखाली एकमेकांवर चढत असतील तर थंडी वाजतेय, कडेला पळून चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर उकडतंय. भाताच्या तुसाचा थर कोरडा ठेवा. ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. पहिल्या दिवशीची खूण हुकली, तर पाच-सहा आठवड्यांनी लाल होऊ लागलेला तुरा नर दाखवतो.

एक इशारा. ठिपक्याचा नियम एकाच पिढीपुरता आहे. या संकरातलेच बहीण-भाऊ पुन्हा एकत्र सोडले, तर निम्मे लेक आणि निम्म्या लेकी ठिपक्याच्या निघतात. ठिपका असतो, पण तो नर-मादी सांगत नाही. पांढऱ्या कोंबडीचंही तसंच. पांढऱ्या रंगाखाली पट्टे आहेत की सोनेरी रंग, ते बाहेरून कळत नाही. गावरान कळपात कुणाचं रक्त कुठून आलंय याचा पत्ता नसतो, तिथे रंगावरून पैज लावू नये.

कडकनाथवाल्यांसाठी मात्र एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. आनुवंशिकी शास्त्रज्ञ विल्यम बेटसन आणि वर आलेले पनेट यांनी १९११ साली काळ्या कातडीच्या सिल्की कोंबड्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. सिल्की कोंबडा आणि ब्राउन लेगहॉर्न कोंबडी यांच्या लेकी गडद काळ्या निघाल्या, लेक फिकट. कारण कातडीतला काळा रंग दाबणारं जनुक झेडवर असतं आणि लेगहॉर्न आईने ते फक्त लेकांना दिलं होतं. झाबुआच्या कडकनाथचा काळेपणाही सिल्कीच्याच जनुकीय फेरबदलातून आलेला आहे. त्या हिशेबाने कडकनाथ कोंबडा आणि पिवळ्या पायांची आरआयआर कोंबडी अशी जोडी लावली, तर लेकी काळ्या आणि लेक फिकट पडायला हवेत. याउलट कडकनाथ माद्यांवर आरआयआर नर सोडला, तर सगळीच पिल्लं फिकट होतील. काळ्या मांसासाठी संकर करायचा असेल, तर कोंबडा कडकनाथचाच घ्या.