‘परवाना आहे’ या उत्तरामागचा इतिहास

निवासी इमारतीच्या तळमजल्यावर उपाहारगृह सुरू होते, मंजूर नकाशात वाहनतळ म्हणून दाखवलेल्या जागेत टेबले मांडली जातात, इमारतीभोवती मोकळ्या ठेवायच्या सामासिक अंतरावर पत्र्याचे छप्पर चढते आणि भटारखान्याचा धूर वरच्या मजल्यांच्या खिडक्यांत शिरतो. तक्रार घेऊन महापालिकेच्या विभाग कार्यालयात गेलेल्या रहिवाशाला बहुधा पहिले उत्तर मिळते, की संबंधितांकडे परवाना आहे. हे उत्तर अनेकदा खरेही असते. मात्र परवाना कोणता, तो कोणत्या कायद्याखाली दिला आणि त्याचा इमारतीच्या मंजुरीतील अटींशी काही संबंध आहे का, हे प्रश्न त्या उत्तराने सुटत नाहीत. ते का सुटत नाहीत, हे समजण्यासाठी सव्वाशेहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ सालचा. त्यातील कलम ३९४ धोकादायक किंवा उपद्रवकारक व्यवसायांना आणि मालाच्या साठ्यांना परवान्याच्या कक्षेत आणते. परवाना देताना आग, दुर्गंधी आणि आरोग्य यांचा विचार होत असे. शेजारी वस्ती कोणत्या प्रकारची असावी, ही कल्पनाच तेव्हा कायद्यात नव्हती. त्याच अधिनियमातील कलम ३४६ इमारतींविषयी आहे आणि त्याची रचना मोठी गमतीची आहे. या कलमाखाली आयुक्त आराखड्याबद्दल नापसंती कळवतात आणि कोणत्या अटी पुऱ्या केल्यास ती दूर होईल, हे सांगतात. बांधकाम क्षेत्रात ‘आयओडी’ (इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल, म्हणजे नापसंतीची सूचना) म्हणून ओळखला जाणारा कागद हाच. मुंबईत घर बांधायला मिळणारी संमती अशी नकाराच्या वेशात येते आणि इमारतीवरच्या अटींची लांबलचक यादी त्या नकारातच असते. बांधकाम पूर्ण होऊन इमारत वापरण्यास मुभा देणारे भोगवटा प्रमाणपत्र मिळाले, की त्या यादीकडे पुन्हा पाहण्याचे काम नेमून दिलेला माणूस उरत नाही.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि दाट वस्तीचा प्रश्न ऐरणीवर आला. १८९८ मध्ये शहरसुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. अशा प्रकारचा तो देशातील पहिला कायदा होता आणि त्यामागे इंग्लंडमधील १९०९ च्या कायद्याचा आदर्श होता. मात्र त्याचा भर भूखंडांची फेररचना आणि रस्ते यांवर होता. स्थानिक संस्थांनी आपल्या संपूर्ण हद्दीची विकास योजना तयार केलीच पाहिजे, हे बंधन १९५४ च्या कायद्याने घातले. निवासी, वाणिज्य, औद्योगिक अशा विभागांची भाषा त्यानंतर नागरिकांच्या बोलण्यात आली.

आजच्या तक्रारींचा खरा आधार म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. इंग्लंडमधील १९४७ च्या कायद्याप्रमाणे या अधिनियमानेही ‘विकास’ या शब्दाची व्याख्या विटा आणि सिमेंट यांच्यापुरती ठेवली नाही. इमारतीच्या किंवा जमिनीच्या वापरात महत्त्वाचा बदल करणे हाही विकासच मानला. परिणामी एकही भिंत न पाडता सदनिकेचे गोदाम केले, तरी त्यासाठी कलम ४४ खाली अर्ज करावा लागतो. कलम ४५ नियोजन प्राधिकरणाला, म्हणजे शहरात बहुधा महापालिकेला, परवानगी देताना अटी घालण्याचा अधिकार देते. कलम ५२ मध्ये परवानगी न घेता केलेला विकास आणि परवानगीतील अटींचा भंग करून केलेला विकास या दोन्ही बाबी गुन्हा ठरवल्या आहेत, तर कलम ५३ खाली पूर्वस्थिती आणण्याची किंवा अटींची पूर्तता करण्याची नोटीस देता येते.

या रचनेतील कच्चे दुवे पाहिल्याशिवाय पुढचा इतिहास उमगत नाही. दंडाच्या रकमा काही हजारांच्या आणि भंग चालू राहिल्यास रोजच्या दंडाच्या रकमा शे-दोनशेच्या घरात राहिल्या. भरवस्तीतल्या उपाहारगृहाला हा दंड म्हणजे एका टेबलाचे बिलही नव्हे. दुसरा दुवा अधिक महत्त्वाचा आहे. कलम ५३ ची नोटीस मिळालेल्या व्यक्तीला मुदतीत बांधकाम किंवा वापर कायम ठेवण्यासाठी परवानगीचा अर्ज करता येतो आणि त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत नोटीस निष्प्रभ राहते. ज्याची चूक तांत्रिक आहे, त्याला ती सुधारता यावी, हा त्यामागील हेतू रास्तच होता. व्यवहारात मात्र नोटीस निघाली, की अर्ज दाखल होतो, अर्ज फेटाळला, की प्रकरण न्यायालयात जाते आणि या सर्व काळात भटारखाना सुरू राहतो, असा अनुभव नागरिकांना वारंवार येत गेला. नियमितीकरणाची खिडकी उघडी ठेवून कारवाईचे दार लोटून घेतले गेले, असे माझे मत आहे.

शेजाऱ्याला या प्रकरणात बोलण्याचा अधिकार आहे का, हा प्रश्नही बराच काळ अनिर्णित होता. नियोजनाच्या अटी हा पालिका आणि मालक यांच्यातील मामला समजला जाई. त्याला छेद दिला तो कर्नाटकातील उडुपी येथील खटल्याने. तेथील नगररचना योजनेत कल्याण मंडप आणि व्याख्यान सभागृह यांसाठी असलेल्या जागेवर नगरपालिकेने ठराव करून चित्रपटगृहाला परवानगी दिली. उच्च न्यायालयाने ठराव अवैध मानला, परंतु मालकाने मोठा खर्च केलेला असल्याने तो रद्द करण्यास नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये ही भूमिका नाकारली. निवासी विभागातील बेकायदा चित्रपटगृहामुळे तेथे राहणाऱ्यांच्या मालमत्तेच्या उपभोगाला बाधा येते, योजनेचे पालन करून घेण्यात त्यांचे स्वतःचे हित आहे आणि पालिकेने कायद्याने दिलेल्या अधिकाराबाहेर जाऊन दिलेली मंजुरी टिकत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. आधी खर्च करायचा आणि मग त्या खर्चाचाच आधार घ्यायचा, या युक्तिवादाची धार तेव्हा बोथट झाली.

अधिकार मिळाला, तरी पुरावा हवा असतो. मंजूर नकाशा आणि त्यासोबतच्या अटींची प्रत ही मालकाची आणि पालिकेची खासगी बाब असल्यासारखी वागणूक तिला मिळत असे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानंतर ती प्रत मागणे सोपे झाले आणि तक्रारींची भाषाच बदलली. ‘फार त्रास होतो’ या वाक्याऐवजी ‘नकाशात वाहनतळ आहे, प्रत्यक्षात बैठक व्यवस्था आहे’ असे वाक्य अर्जांत दिसू लागले. आवाजाच्या बाबतीत हेच काम २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी केले. निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा मोजता येण्याजोगी होती. आवाजाची तक्रार मात्र पोलिसांकडे, नकाशाची इमारत विभागाकडे, परवान्याची आरोग्य किंवा परवाना विभागाकडे आणि मद्याची उत्पादन शुल्क विभागाकडे करावी लागते. विभाग कार्यालयातील ‘परवाना आहे’ हे उत्तर याच विभागणीतून आलेले आहे.

या विभागणीची किंमत २०१७ च्या डिसेंबरमध्ये दिसली. लोअर परळच्या कमला मिल आवारातील गच्चीवरील उपाहारगृहांत २९ डिसेंबरच्या मध्यरात्री लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत महापालिकेने शहरभर उपाहारगृहांची अनधिकृत बांधकामे पाडली. म्हणजे ती कोठे आहेत, हे शोधण्यात फारसा वेळ गेला नाही. त्याच महिन्यात राज्यात नवा दुकाने व आस्थापना अधिनियम लागू झाला होता आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना नोंदणीऐवजी केवळ सूचना देणे पुरेसे ठरले होते. व्यवसाय सुलभतेच्या दृष्टीने त्यात गैर काही नव्हते. पण व्यवसाय सुरू होताना सरकारी यंत्रणेचे लक्ष जागेकडे वळण्याचा एक प्रसंग कमी झाला. पुण्यात मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला झालेल्या मोटार अपघातानंतर पब आणि गच्चीवरील हॉटेलांवर झालेली कारवाई ही आधी दुर्घटना आणि मग कारवाई या क्रमाचीच पुनरावृत्ती होती.

२०२४ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल एका महिन्याच्या अंतराने आले. १३ नोव्हेंबरच्या निकालाने बांधकाम पाडण्यापूर्वी किमान १५ दिवसांची नोटीस आणि सुनावणी आवश्यक ठरवली. सार्वजनिक रस्त्यांसारख्या जागांवरील अतिक्रमणे त्यातून वगळली. १७ डिसेंबरचा निकाल मीरत येथील निवासी भूखंडावर उभ्या राहिलेल्या दुकानांविषयी होता. अनधिकृत इमारतीत कोणत्याही प्राधिकरणाने व्यवसायाचा परवाना देऊ नये, पूर्णत्व किंवा भोगवटा प्रमाणपत्रानंतर परवानगीशी विसंगत बदल निदर्शनास आल्यास संबंधित प्राधिकरणाने तत्काळ पावले उचलावीत आणि नियमितीकरणाचे अर्ज व अपिले ९० दिवसांत निकाली काढावीत, असे निर्देश त्यात आहेत. १८८८ पासून वेगवेगळ्या टेबलांवर फिरणारे व्यवसायाचा परवाना आणि इमारतीची मंजुरी हे दोन कागद या निर्देशांनी एकमेकांना जोडले आहेत. त्यामुळे परवाना विभागाला आता अर्जदाराकडून भोगवटा प्रमाणपत्र मागावे लागेल आणि ‘परवाना आहे’ असे ऐकून घेणाऱ्या रहिवाशालाही तो देताना हे प्रमाणपत्र पाहिले होते का, असे लेखी विचारता येईल.