रस्ता न ओलांडता पलीकडे

ग्वाटेमालातल्या अँटिग्वा शहरात एका रस्त्यावर पिवळ्या रंगाची कमान आहे. तिच्या चौकटीत समोर ३,७०० मीटरहून उंच आग्वा ज्वालामुखी दिसतो. हे दृश्य डोळ्यांत भरतंच, पण मला जास्त ओढ वाटते ती कमानीच्या पोटात दडलेल्या बोळाची.

इथला सांता कातालिना मठ १६०९ सालचा. व्रत घेतलेल्या ननने मरेपर्यंत मठाबाहेर पाऊल टाकायचं नाही, परक्या नजरेलाही पडायचं नाही, असा तिथला दंडक. (जुन्या गोव्यात १६०६ मध्ये पायाभरणी झालेल्या सांता मोनिका मठातल्या ननही अशाच बंदिस्त राहत.) शतक सरता सरता नन शंभरच्या पुढे गेल्या. मठाने रस्त्यापलीकडची जागा घेतली, पण मधे सगळ्यांच्या पायाखालचा रस्ता! म्हणून १६९४ मध्ये त्यावर ही कमान आली. नन आतल्या आत पलीकडे जात, खालच्या माणसाला कुणी दिसत नसे.

दगडविटांचं बांधकाम दाब झकास सोसतं, ताण मात्र फारसा नाही. दगडाची लांब शिळा आडवी टाकली तर वजनाने तिची खालची बाजू ताणली जाऊन तडकते. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याला रेटतो, त्यामुळे सगळं वजन दाब बनून दोन्ही पायांकडे उतरतं. तिथे ते नुसतं खाली जात नाही, पायांना बाहेरही ढकलतं. तो रेटा अडवायला दोन्ही बाजूंना भक्कम भिंती लागतात.

भूकंपात नेमकं हेच बिघडतं. पाय किंचित जरी फाकले, तरी कमानीचा माथा खचतो आणि तडे जातात. या भागात धक्के नेहमीचेच, म्हणून इथले गवंडी भिंती जाड आणि इमारती बुटक्या ठेवत. तरीही २९ जुलै १७७३ च्या भूकंपाने शहर मोडलं, मठही पडका झाला. तोवर राजधानी इथेच होती, १७७६ मध्ये ती दुसरीकडे हलली.

एकोणिसाव्या शतकात कमानीची डागडुजी झाली आणि माथ्यावर घड्याळाचा मनोरा चढला. ४ फेब्रुवारी १९७६ च्या ७.५ तीव्रतेच्या भूकंपात त्या घड्याळालाही इजा झाली. ज्यांच्यासाठी बोळ बांधला त्या नन मात्र मनोरा चढण्यापूर्वीच इथून गेल्या होत्या.