समोरची प्रत न पाहता फरक कसा ओळखावा?

घरच्या संगणकावर ७० मेगाबाइटची एक फाइल आहे आणि तिची कालची प्रत दूरच्या सर्व्हरवर आहे. आज घरच्या फाइलमध्ये दोन ओळी बदलल्या, तेव्हा सर्व्हरवरची प्रतही तशीच व्हायला हवी. दोन ओळींसाठी सगळी फाइल पुन्हा पाठवणे मंद जोडणीवर परवडत नाही. फक्त बदललेला भाग पाठवायचा, तर तो कोणता हे कळायला दोन्ही प्रती शेजारी ठेवाव्या लागतील, आणि नेमके तेच शक्य नसते.

हा पेच अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत १९९६ मध्ये सोडवला. त्यांचा ‘आरसिंक’ हा प्रोग्राम सर्व्हर सांभाळणारे लोक आजही बॅकअपसाठी वापरतात. त्यातली कल्पना मला संगणकशास्त्रातल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक वाटते.

सर्व्हर आपल्या जुन्या प्रतीचे सारख्या लांबीचे तुकडे पाडतो आणि प्रत्येकाचे दोन चेकसम काढतो. चेकसम म्हणजे तुकड्यातल्या बाइटांवरून गणिताने काढलेली छोटी संख्या. मूळ रचनेत त्यांतला एक ४ बाइटांचा, हलका, तर दुसरा १६ बाइटांचा, भक्कम असे. तुकडा ७०० बाइटांचा धरला तर आपल्या फाइलचे १ लाख तुकडे होतात आणि सगळ्या चेकसमची यादी २ मेगाबाइटमध्ये मावते. ही यादी घरच्या संगणकाकडे येते. तो नव्या फाइलमध्ये तेच तुकडे शोधतो आणि सापडलेल्यांचे फक्त क्रमांक व न सापडलेला मजकूर सर्व्हरला कळवतो.

खरी अडचण शोधण्यात आहे. फाइलच्या अगदी आरंभी ‘आणि’ हा शब्द घातला असे समजा. अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे आ, ण आणि वेलांटी मिळून ९ बाइट झाले. एवढ्याशा भरीने पुढचा सगळा मजकूर ९ बाइट सरकतो, आणि नवी फाइल पुन्हा ७००-७०० बाइटांवर कापली तर बहुधा एकही तुकडा जुन्याशी जुळत नाही. म्हणून नव्या फाइलमध्ये प्रत्येक बाइटपासून सुरू होणारा तुकडा तपासावा लागतो. असे तुकडे जवळजवळ ७ कोटी, आणि दर वेळी ७०० बाइट पहिल्यापासून मोजत बसणे फार महाग पडते.

हलका चेकसम यासाठीच घडवलेला आहे. त्याचा एक भाग म्हणजे बाइटांची साधी बेरीज, आणि दुसरा म्हणजे प्रत्येक बाइटला त्याच्या जागेनुसार वजन देऊन केलेली बेरीज, जिच्यामुळे क्रम बदलला तरी ते लक्षात येते. तपासायच्या ७०० बाइटांची ‘खिडकी’ एक बाइट पुढे सरकली की मागे सुटलेला बाइट वजा करायचा आणि नवा मिळवायचा. वजनाची बेरीजही अशाच दोन-तीन क्रियांत दुरुस्त होते. ९ बाइट सरकल्यावर खिडकी जुन्या पहिल्या तुकड्यावर अचूक बसते आणि संख्या जुळते. ४ बाइटांची संख्या योगायोगानेही जुळू शकते, म्हणून जुळली तेवढ्याच ठिकाणी भक्कम चेकसम काढून खात्री केली जाते.

अर्थात, प्रत्येक फाइलसाठी एवढा खटाटोप होत नाही. आरसिंक आधी आकार आणि बदलाची वेळ पाहतो. दोन्ही सारखे असतील तर फाइल सोडून देतो. फाइली साठवण्याच्या जुन्या फॅट पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर ही वेळ २ सेकंदांच्या टप्प्यांनीच नोंदली जात असल्याने न बदललेली फाइलही बदललेली दिसते, आणि तेवढी सूट देण्याची सोय वेगळी सांगून वापरावी लागते.

मात्र आरसिंकची दिशा एकच असते. दोन्हीकडे बदल झाले असतील तर पाठवणाऱ्याची प्रत समोरच्या प्रतीवर लिहिली जाते. कोडच्या बाबतीत हे घातक आहे, आणि उशिराची वेळ ती खरी प्रत असे मानणे तर त्याहून घातक. एकीकडे एक ओळ आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून ती इकडे घातली गेली की तिकडे खोडली गेली, हे कुठलेही घड्याळ सांगू शकत नाही. ते सांगते दोघांची समाईक पूर्वज प्रत. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेल्या ‘गिट’ या कोडमधल्या बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये प्रत्येक नोंद आपल्या आधीच्या नोंदीचा चेकसम बाळगते, त्यामुळे दोन शाखा कुठे फुटल्या ते मागे चालत जाऊन सापडते. पूर्वज प्रतीत ‘दर = ५’ असेल, एकाकडे तसेच राहिले असेल आणि दुसऱ्याकडे ‘दर = ८’ झाले असेल, तर गिट ८ घेते. दोघांनीही तीच ओळ वेगवेगळी बदलली असेल, तर ते दोन्ही ओळी खुणांसह फाइलमध्ये एकाखाली एक मांडते आणि निवड होईपर्यंत विलीनीकरण थांबवून ठेवते.