शंभरावर नावं घेणारी बाई

कोल्हापूरला कलापूर म्हणवून घ्यायची आपल्याला हौस, आणि ती खोटीही नाही. पण इथल्या चित्रांतल्या बायका मोजायला बसलं तर दिवस पुरणार नाही. चित्र काढणाऱ्या बायकांची नावं चटकन सांगा म्हटलं तर मात्र बोटं शिल्लक राहतात. ट्रेसी एमिन या ब्रिटिश चित्रकर्तीच्या कामाचे फोटो बघून आपल्याकडं पहिला प्रश्न येतो, "हे तर नुसतं अंथरूण आहे, यात कला कुठली?" त्या प्रश्नाची मुळं बरीच मागं जातात.

आपल्याकडं बाईनं नवऱ्याचं नाव तोंडात आणायचं नाही. 'आमचे हे' म्हणायचं, नाहीतर 'अमक्याचे बाबा'. लग्नात, डोहाळजेवणात, हळदीकुंकवाला चारचौघी मागं लागल्या की ते उखाण्यात घ्यायचं. जिव्हाळा चारचौघांत बोलून दाखवायची एवढीच मुभा, तीही एका नावापुरती आणि यमक जुळवून.

एमिननं 1995 साली 102 नावं घेतली. एक छोटा निळा तंबू, आत वाकून शिरायचं, आणि आतल्या कापडावर ती आजवर ज्यांच्या ज्यांच्यासोबत झोपली त्या सगळ्यांची नावं कापडाची अक्षरं कापून शिवलेली. आपल्या वाकळेवर ठिगळ लावतात ना, तीच जात. 'मी आजवर ज्यांच्यासोबत झोपले ते सगळे' असं त्याचं शीर्षक. ते ऐकून लोकांनी एकच अर्थ काढला, तो काय हे सांगायला नको. पण तंबूत प्रियकरांबरोबर आजीचं नाव होतं, कारण लहानपणी ती आजीजवळ झोपायची. आईच्या पोटात शेजारी झोपलेला जुळा भाऊ होता. न जन्मलेली दोन बाळंही होती. 'सोबत झोपणं' या शब्दांतली वासना आणि ऊब तिनं एकाच कापडावर आणली. हे तिचं सगळ्यात मोठं काम, असं मला वाटतं. पुढं गाजलेला बिछाना त्याच्या मानानं सरळसोट आहे.

आपल्या भाषेला हे सगळं परकं आहे असं कोण म्हणेल? हाल सातवाहनाच्या नावावर असलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतातली. तिच्या कित्येक गाथांत बाईच बोलते: वाट बघणारी, रुसलेली, सखीला गुपित सांगणारी. परंपरेनं त्यांतल्या काही गाथा रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशा कवयित्रींच्या नावावर लावल्या आहेत. नंतर ती नावं विरत गेली. लावणीत शृंगार बाईच्या तोंडी राहिला, 'मी' बाईचाच, पण रचना बहुतेक शाहिराची आणि समोर बसणारे पुरुष. शिरोळ तालुक्यातल्या खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरावर शिलाहार राजांच्या काळातल्या सुरसुंदरी, म्हणजे देखण्या बायकांच्या कोरीव मूर्ती आहेत. त्यांच्या रूपाचं कौतुक सगळे करतात, त्यांच्या मनात काय होतं हे विचारायची सोय नाही.

चित्रांतही तेच. कोल्हापुरात 1867 साली जन्मलेल्या चित्रकार म. वि. धुरंधरांनी बायकांची लुगडी, दागिने, उभं राहण्याची ढब इतकी बारकाईनं टिपली की आजही ती चित्रं बघून वेशभूषा ठरवता येईल. त्यांची मुलगी अंबिका स्वतः जे. जे. मध्ये शिकून चित्रकार झाली. तिचं नाव मात्र वडिलांच्या पाठोपाठच येतं.

पुढची पायरी सिनेमाची. बाबूराव पेंटरांनी 1920 च्या 'सैरंध्री'त बाईच्या भूमिका बायकांनाच दिल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई. पडद्यावर दिसणं हीच तेव्हा बदनामी होती. समाजानं दोघींना वाळीत टाकलं आणि पेंटरांच्या फिल्म कंपनीच्या आवारातच त्यांना आसरा घ्यावा लागला. पडद्यासाठी त्यांची नावंही बदलली गेली: कमलादेवी आणि सुशीलादेवी. चेहरा सगळ्या गावाला दिसला, नाव मात्र झाकलं गेलं.

गंमत अशी, की याच काळात, 1917 नंतरच्या दोनतीन वर्षांत, याच संस्थानात शाहू महाराजांनी विधवेचं पुन्हा लग्न, आंतरजातीय विवाह आणि काडीमोड यांना कायद्याचा आधार दिला. कुणाशी संसार करायचा आणि कुठला मोडायचा, याचा हक्क कागदावर आला. मनातलं बोलून दाखवायचा हक्क असा दरबारी हुकमानं येत नाही, त्याला पुढं बराच काळ लागला.

एमिनचं त्याच 1995 सालचं आणखी एक काम आहे, एक छोटी फिल्म. ती मार्गेट या समुद्रकाठच्या गावात वाढली. कोवळ्या वयात जे सोसलं, ते ती यात सांगते. नाचाच्या स्पर्धेत ती नाचत असताना तिच्याशी संबंध ठेवून मोकळे झालेले पोरगे खालून तिला शिव्या घालू लागले आणि ती पळून गेली. शेवटी ती त्या पोरांची एकेक करून नावं घेते आणि रिकाम्या खोलीत एकटीच नाचते, मजेत. फडावर नाचणारी बाई आपण पिढ्यान् पिढ्या बघत आलो. समोर प्रेक्षकच नसताना ती कशी नाचली असती, हे मला ही फिल्म बघताना पहिल्यांदा सुचलं.

मग 1998 चा बिछाना. प्रेम तुटल्यावर ती दिवसेंदिवस ज्यात पडून होती तो, डागाळलेल्या चादरी, दारूच्या बाटल्या, सिगारेटची थोटकं यांसकट. पुढच्या वर्षी तो ब्रिटनमधल्या टर्नर या कला पुरस्काराच्या अंतिम यादीत आला, वर्तमानपत्रांनी यथेच्छ टिंगल केली, आणि 2014 मध्ये तो 25 लाख पौंडांहून जास्त किमतीला विकला गेला. आवरलेल्या अंथरुणावरून घरच्या बाईची पारख करणाऱ्या आपल्या घरांत त्याचा राग का येतो, हे फोड करून सांगायला नको.

तंबू आता नाही. 2004 च्या मे महिन्यात लंडनच्या एका गोदामाला आग लागली, तीत तो जळाला. पुन्हा करायला एमिननं नकार दिला. 'सैरंध्री'चीही प्रत उरलेली नाही. जुन्या श्रेयनामावल्यांत कमलादेवी सापडते, गुलाबबाई शोधावी लागते.