१९ हजार पैजा आणि आईचे शेंगदाणे

परवा ऑफिसात चहाला बेसबॉलपटू ओतानीच्या जुगारी दुभाष्याचा विषय निघाला आणि एक मित्र हळहळत म्हणाला, "काय फुटकं नशीब रे त्याचं, एवढ्या वेळा पैजा लावून एकदा तरी मोठं लागायला पाहिजे होतं." मला राहवेना. कारण त्याला लागलं होतं, भरपूर लागलं होतं. दोन वर्षांत हा गडी १४ कोटी २२ लाख डॉलर जिंकला होता. आणि हरला होता १८ कोटी २९ लाख.

ज्यांना बेसबॉल म्हणजे काय ते माहीत नाही (मलाही फार नाही) त्यांच्यासाठी थोडक्यात. शोहेई ओतानी हा जपानी खेळाडू, बॉलिंग आणि बॅटिंग दोन्ही टॉपची करणारा, डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सने त्याच्याशी दहा वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला. २०१८ ला तो अमेरिकेत आला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं, म्हणून सोबत दुभाष्या, इप्पेई मिझुहारा. नावाला दुभाष्या, खरं तर सावली. ड्रायव्हिंगपासून बँकेपर्यंत सगळं तोच बघायचा. पगार जमा व्हायचं खातं अॅरिझोनात उघडलं तेव्हाही शेजारी हाच होता. पुढे त्याने खात्यावरचा संपर्क बदलून आपला फोन लावला, बँकेला फोन करून "मी ओतानी बोलतोय" असं सांगून पैसे वळवले. त्यातल्या एका कॉलचं रेकॉर्डिंग नंतर बाहेर आलं, त्यात बँकवाली विचारते दोन लाख डॉलर कशासाठी, तर हा म्हणतो कार लोनसाठी, मित्राला द्यायचेत. फोनवर आलेला सहा आकडी कोड पण वाचून दाखवतो! आणि ओतानीच्याच अकाउंटंटने या खात्याबद्दल विचारलं तर उत्तर तयार, "त्याला हे खातं प्रायव्हेट ठेवायचंय." भाषा येत नसलेल्या माणसाच्या आणि जगाच्या मधे एकच दार असतं, आणि दारावर हाच उभा होता.

मार्च २०२४ मध्ये सोलला सीझनच्या पहिल्या मॅचेस चालू असताना प्रकरण फुटलं. आधी मिझुहारा म्हणाला ओतानीनेच माझं जुगाराचं कर्ज फेडलं, मग ते फिरवलं. चोरी निघाली जवळपास १ कोटी ७० लाख डॉलरची.

आता माझा आवडता भाग. तपासात सापडलेल्या हिशोबाप्रमाणे डिसेंबर २०२१ ते जानेवारी २०२४ या काळात त्याने सुमारे १९ हजार पैजा लावल्या, म्हणजे दिवसाला पंचवीस. सगळ्यात छोटी १० डॉलरची, सगळ्यात मोठी १ लाख ६० हजारांची, सरासरी १२,८०० डॉलर. बेसबॉलवर एकही सापडली नाही, बाकीच्या खेळांवर. दिवसाला २५ हा आकडा वाचून मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि शेंगदाण्यांचा डबा काढला.

अमेरिकेत मॅचवर लावायची नेहमीची पद्धत अशी की ११० डॉलर लावा, जिंकलात तर १०० मिळतील (अधिक तुमचे ११० परत), हरलात तर ११० गेले. टीमच्या ताकदीतला फरक पॉइंट्स देऊन-घेऊन (कमजोर टीमला हिशोबात आधीच काही पॉइंट्स धरून) मिटवलेला असतो त्यामुळे दोन्ही बाजू साधारण नाणेफेकीसारख्या होतात. बुकी कोण जिंकणार याच्या फंदात फारसा पडत नाही, त्याला दोन्हीकडून गिऱ्हाईक हवं असतं, हरलेल्याकडून ११० घेतो जिंकलेल्याला १०० देतो, दहा खिशात. आपल्या मटक्यात एकेरी आकड्याला एकाला नऊ मिळतात, आकडे मात्र दहा, तोच प्रकार फक्त जास्त उघडा.

तर आईला बसवलं. नाणं उडवायचं, छापा आला तर मी तिला १० शेंगदाणे देणार, काटा आला तर ती मला ११. पंचवीस वेळा. पहिल्या दिवशी तिचे १४ छापे आले, १४० दाणे मिळाले, ११ काट्यांचे १२१ गेले, १९ दाणे फायदा. खूश. दुसऱ्या दिवशी १२ छापे, २३ दाणे तोटा. तिसऱ्या दिवशी १३ छापे, म्हणजे जिंकली जास्त वेळा आणि हरली कमी वेळा, तरी हिशोब केला तर १३० आले आणि १३२ गेले. आई म्हणाली, "असं कसं, मी जिंकले ना?" हे दोन दाणे म्हणजे सगळा धंदा आहे!

पंचवीसपैकी १४ लागले तरच फायदा. १४ किंवा जास्त लागायची शक्यता काढली तर ३४.५ टक्के येते. म्हणजे दर तीन दिवसांतला एक दिवस तुम्ही फायद्यात झोपायला जाता. तिसरा दिवस सणाचा! हे फुटकं नशीब अजिबात नाही, मला तर हेच भयंकर वाटतं, कारण रोज हरणारा माणूस आठवड्यात सोडून देईल, पण तीनातून एकदा जिंकणारा कसा सोडेल.

मग दोन वर्षांनी काय होतं? इथे दोन गोष्टी वेगवेगळ्या वेगाने वाढतात, त्यांना मी उतार आणि हेलकावा म्हणतो. उतार म्हणजे बुकीचा कट, तो प्रत्येक पैजेला सरासरी ५ डॉलर आहे (अर्ध्या वेळा १०० येतात, अर्ध्या वेळा ११० जातात, फरक दहा, त्याचा निम्मा). पैजा दुप्पट तर उतार दुप्पट, सरळ गुणाकार. हेलकावा म्हणजे नशीब, कधी वर कधी खाली, आणि तो असा वाढत नाही कारण वरचे आणि खालचे एकमेकांना खातात. तो पैजांच्या संख्येच्या वर्गमुळाने वाढतो. शंभरपट पैजा, दहापटच हेलकावा.

वर्गमूळच का? (गणिताने डोकं उठत असेल तर हा परिच्छेद सोडा, मी रागावणार नाही, पण मजा इथेच आहे.) समजा एक दारुडा खांबापासून निघाला, प्रत्येक पाऊल डावीकडे की उजवीकडे हे नाणेफेकीने ठरतंय. आत्ता तो खांबापासून १० पावलांवर आहे. पुढच्या पावलाला तो ११ वर असेल किंवा ९ वर. अंतरांची सरासरी १० च राहिली, पण वर्ग करून बघा, १२१ आणि ८१, सरासरी १०१. आधी १०० होता. ७ पावलांवर असता तर ६४ आणि ३६, सरासरी ५०, आधी ४९. कुठेही उभा असू दे, अंतराच्या वर्गाची सरासरी प्रत्येक पावलाला बरोबर १ ने वाढते. म्हणजे शंभर पावलांनंतर वर्ग झाला १००, अंतर साधारण १०. दहा हजार पावलांनंतर अंतर १००. बस, एवढंच. परागकणातून निघालेला बारीक कण पाण्यात रेणूंचे धक्के खात असाच भटकतो, आइन्स्टाइनने १९०५ मध्ये त्याचं गणित मांडलं त्यातही हेच वर्गमूळ आहे.

आता आकडे घाला. आपल्या ११०-१०० वाल्या पैजेत एका पैजेचा हेलकावा १०५ डॉलर आणि उतार ५. पंचवीस पैजांना उतार १२५, हेलकावा ५२५, म्हणजे दिवसभराचा निकाल बहुतेक नशीबच. शंभर पैजांना ५०० विरुद्ध १०५०, अजून नशीब पुढे. आणि बरोब्बर ४४१ व्या पैजेला दोघांची गाठ पडते, कारण ४४१ चं वर्गमूळ २१, २१ गुणिले १०५ म्हणजे २२०५ आणि ४४१ गुणिले ५ म्हणजे पण २२०५. दिवसाला पंचवीसच्या हिशोबाने हा झाला अठरावा दिवस. तिथून पुढे उतार जो पुढे जातो तो जातोच. १९ हजार पैजांना उतार ९५,००० डॉलर आणि हेलकावा फक्त साडेचौदा हजार. इतक्या पैजांनंतर फायद्यात असण्याची शक्यता जवळपास चार हजार कोटींत एक, म्हणजे आपल्यासारख्या पाच पृथ्व्या भरून माणसं खेळायला बसवली तर त्यातला एखादा. दिवसाची बाजी नशिबाची, दोन वर्षांची बाजी वर्गमुळाची, आणि खेळणारा माणूस एक तोच.

खऱ्या हिशोबात सगळ्या पैजा सारख्या नव्हत्या, त्यामुळे माझं मॉडेल ढोबळ आहे. पण खरे आकडे अजून वाईट आहेत. १९ हजार गुणिले १२,८०० म्हणजे साधारण २४ कोटी ३० लाख डॉलर लावले, त्यातले ४ कोटी ७ लाख गेले, शंभरामागे सोळा-सतरा. माझ्या मॉडेलमध्ये शंभरामागे साडेचारच जातात. आता चार मॅचेस जोडून एकच पैज लावली, चारही लागल्या तरच पैसे, तर चार वेळा कट लागतो आणि तो सतराच्या घरात जातो. त्याने तसंच केलं असं मी म्हणत नाही, पण "छोट्या पैशात मोठं बक्षीस" म्हणून जे विकतात ते हे असतं.

"इतक्या हरल्या, आता लागणारच" ही समजूत पण इथेच मरते. १८ ऑगस्ट १९१३ ला माँटे कार्लोच्या कसिनोत रूलेटवर सलग २६ वेळा काळा आला आणि लोक लालवर पैसे ओतत बसले. नाण्याला मागचं आठवत नाही हो. मोठ्या संख्येत टक्केवारी ५० जवळ जाते ते खरं, पण आधीचा तोटा भरून काढून नाही, पुढच्या ढिगाखाली तो दिसेनासा होतो म्हणून.

आणि ते "पक्की टीप" वाले, मॅचची कुंडली मांडणारे ज्योतिषी! यांची युक्ती शाळेतल्या पोराला जमेल. १०२४ लोकांना मेसेज करा, निम्म्यांना सांगा अमुक टीम जिंकेल, निम्म्यांना तमुक. जे चुकले त्यांना सोडून द्या, उरलेल्यांना परत निम्मे-निम्मे. पाच मॅचेसनंतर ३२ माणसं अशी उरतात ज्यांनी तुमची प्रत्येक टीप खरी होताना बघितलीय. त्यांच्याकडून फी घ्या. ग्रह कुठेच लागत नाहीत, दोनाने भागता आलं की झालं. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला तरी या टीपवाल्यांची दुकानं टेलिग्रामवर चालू असलेली मी बघतोय.

बरं, मग एवढा उतार असताना माणूस ४४१ च्या आसपास थांबत का नाही? साधा माणूस थांबतो, कारण खिसा रिकामा होतो. गणितात याला जुगाऱ्याचं दिवाळं म्हणतात: मर्यादित पैसे असलेला खेळाडू विरुद्ध न संपणारी तिजोरी, कट शून्य असला तरी शेवटी खेळाडूच रिकामा होतो. ते रिकामं होणं हाच एक ब्रेक असतो. इथे दोन गोष्टींनी ब्रेक काढून टाकला. बुकी उधारीवर खेळू देत होता, लिमिट संपली की मेसेज टाकायची, मी यात अगदीच वाईट आहे, अजून एकदा लिमिट वाढवशील का. लिमिट वाढवायची अशी विनंती त्याने जानेवारी २०२२ मध्येच केली होती, खेळायला लागून जेमतेम काही महिने झाले होते. आणि दुसरीकडे ओतानीचं खातं, जे रिकामं व्हायचं नावच घेत नव्हतं. नोकरदाराच्या खिशात बसणारी रक्कम असती तर हाच माणूस काही हजारांवर आपटून घरी बसला असता. ४ कोटी हरायला कुणाची तरी तिजोरी लागतेच.

मेंदूचं पण थोडं सांगतो, ते पळवतोच. डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन हे जे सगळीकडे लिहितात ते अर्धवट आहे. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या वोल्फ्राम शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी माकडांना फळांच्या रसाचे थेंब देऊन दाखवलं की डोपामिनच्या पेशी थेंबाला नाही, अपेक्षेपेक्षा जास्त मिळालेल्या थेंबाला उसळतात. २००३ च्या प्रयोगात तर अजून गमतीचं दिसलं, थेंब मिळणार की नाही हे जितकं अनिश्चित तितकी या पेशींची कुरबुर वाट बघण्याच्या काळात चढत जाते, आणि सगळ्यात जास्त कधी, तर शक्यता ५०-५० असते तेव्हा. बुकीने पॉइंट्स देऊन-घेऊन मॅच नेमकी तिथेच आणून ठेवलेली असते. पार्किन्सन्सच्या काही पेशंटना डोपामिनसारखं काम करणारी औषधं दिल्यावर आयुष्यात पत्ता न पिसलेली माणसं जुगाराला लागलेली आढळलीत, डोस कमी केला की बऱ्याच जणांचं ते सुटतं. ही माहिती पहिल्यांदा वाचली तेव्हा मी "संयम नाही लोकांना" असं म्हणणं जरा कमी केलं.

पण म्हणून मिझुहाराला सगळं माफ असं नाही. त्याने त्याच खात्यातून सव्वातीन लाख डॉलरची बेसबॉल कार्डं पण मागवली होती, त्यात कुठली अनिश्चितता. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला ५७ महिन्यांची शिक्षा झाली आणि ओतानीला १ कोटी ७० लाख डॉलर परत द्यायचा हुकूम.

चौथ्या दिवशी मी डबा घेऊन बसलो तर आई माझ्या जागेवर आधीच बसलेली, समोर रिकामी वाटी. "काय झालं?" तर म्हणे, "आजपासून तू नाणं उडव. छाप्याला मी तुला दहा देईन, काट्याला तू मला अकरा. आणि दाणे संपले तर घाबरू नकोस, मी लिहून ठेवते."