‘याला कुठे जुलाब झालेत? दात येतायत’

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या दहा महिन्यांच्या बाळाला दिवसातून सात-आठ वेळा पाण्यासारखी शी होत होती. फडताळात ओआरएसची दोन पाकिटं पडून होती. ‘आजी, हे पाजलंत का?’ असं विचारलं, तर म्हणाल्या, ‘अहो, ते जुलाबाचं औषध. याला कुठे जुलाब झालेत? दात येतायत त्याला.’

आजींना ते पाकीट कशासाठी असतं हे पक्कं ठाऊक होतं. अडलं होतं ते एका शब्दापाशी. बांगलादेशात हेच लाखो घरांत घडलं होतं.

1980 साली ‘ब्रॅक’ या संस्थेने तिथे घरोघर जाऊन आयांना ‘लोबोन-गुड’, म्हणजे मीठ-गुळाचं घरगुती ओआरएस, शिकवायला सुरुवात केली. तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढं मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. दहा वर्षांत सुमारे 1 कोटी 20 लाख घरं झाली. कार्यकर्त्या पुन्हा जाऊन विचारत, तेव्हा आयांना कृती तोंडपाठ असायची, द्रावणही बिनचूक करून दाखवायच्या. पण मूल आजारी पडल्यावर ते पाजणाऱ्या सुरुवातीला फार थोड्या निघाल्या.

चिमूटभर मीठ आणि मूठभर गुळाने जीव कसा वाचतो ते आधी सांगतो, कारण शरीरातली इतकी सुंदर व्यवस्था मी क्वचितच पाहिली आहे. पटकीचं, म्हणजे कॉलराचं विष लहान आतड्याच्या पेशींत शिरून क्लोराइड बाहेर सोडणारी दारं उघडीच ठेवतं. क्लोराइडमागोमाग सोडियम जातं, त्यांच्यामागे पाणी. काही तासांत अंगातलं कित्येक लिटर पाणी वाहून जातं. नुसतं पाणी पाजून भागत नाही, नुसत्या मिठाच्या पाण्यानेही नाही. पण त्याच पेशींवर एसजीएलटी-1 नावाचं प्रथिन असतं. ते एकट्या सोडियमला आत घेत नाही, एकट्या ग्लुकोजलाही नाही. दोन सोडियम आणि एक ग्लुकोज असे तिघे जमले की मगच ते वळतं आणि तिघांना आत सोडतं. आत आलेलं सोडियम पेशीच्या मागच्या अंगाचे पंप रक्ताच्या बाजूला ढकलतात. तिकडे क्षार वाढले की परासरणाने पाणी ओढलं जातं. आणि पटकीचं विष या प्रथिनाला धक्काही लावत नाही! जैवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी ही सोडियम-ग्लुकोजची सांगड 1960 मध्ये प्रागला मांडली. 1971 मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांमध्ये पटकी पसरली आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजायला नातेवाइकांच्याच हाती दिलं. तिथलं सुमारे 30 टक्क्यांचं मृत्यूचं प्रमाण 4 टक्क्यांच्या खाली आलं. गुळातल्या साखरेतूनही आतड्यातलं सुक्रेझ हे विकर ग्लुकोज मोकळं करतं, म्हणून गूळही चालला.

साखर जास्त झाली तर मात्र पाणी उलट आतड्यातच ओढलं जातं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसच्या 2002 च्या सुधारित सूत्रात लिटरमागे ग्लुकोज फक्त 13.5 ग्रॅम आहे. गोड पेयांवर ‘ओआरएस’ छापायला एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये बंदी केली. ती फार आधी व्हायला हवी होती.

मग बांगलादेशातल्या आयांचं घोडं कुठे अडलं होतं? ब्रॅकच्या लोकांनी त्यांच्याजवळ बसून विचारलं, तेव्हा उलगडा झाला. कार्यकर्त्या ‘डायरिया’ म्हणत होत्या, आणि गावात डायरिया म्हणजे पटकीसारखा जीवघेणा आजार. तान्ह्या बाळाची पातळ शी म्हणजे ‘दूध हागा’, खाण्यातून झाली तर ‘अजीर्ण’, आव पडली तर ‘आमाशा’. चार आजारांची चार नावं, आणि शिकवलेलं औषध त्यातल्या एकाचंच, अशी आयांची समजूत झाली. त्यांच्या जागी कुणाचीही झाली असती. पुढे चारही नावं घेऊन शिकवणं सुरू झालं. घरातल्या पुरुषांना आधी वगळलं होतं. मग बाजारात, मशिदीत त्यांच्याशीही बोलणं होऊ लागलं. आपल्याकडेही पोट सुटलं, बाधलं, आव पडली, दातांचं आहे, असं आपण म्हणतोच ना? डॉक्टरांच्या वहीत या सगळ्याला एकच शब्द असतो.

म्हणून काहीही चालवून घ्यावं असं मुळीच नाही. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापल्या लोखंडाचे चटके देतात, ‘डंबा’ म्हणतात त्याला. तो थांबलाच पाहिजे. पण बाळाला काय झालंय असं आईला वाटतं, हे विचारल्याशिवाय तो थांबायचा नाही.

दातांमुळे जुलाब होत नाहीत. त्या वयात मूल दिसेल ते तोंडात घालतं, आणि आईकडून मिळालेली प्रतिपिंडंही ओसरलेली असतात. आजींना मी तेव्हा हे काही सांगत बसलो नाही. ‘दातांचं असलं तरी अंगातलं पाणी जातंयच ना, तेवढं भरून काढू,’ इतकंच म्हटलं. त्यांनी लगेच उकळून गार केलेलं लिटरभर पाणी मोजून घेतलं आणि त्यात पाकीट कालवलं. बाळ चमच्यावर अक्षरशः तुटून पडलं. असं अधाशासारखं पिणं हे अंगातलं पाणी घटल्याचं लक्षण असतं, म्हणून रिक्षा बोलावली आणि वाटेत चमचा-चमचा पाजतच त्याला दवाखान्यात नेलं.