ऑक्सिअम्ले

ऑक्सिअम्ले : ज्यांच्यातील आयनीभवनक्षम (पाण्यात प्रोटॉन म्हणून सुटू शकणारा) हायड्रोजन ऑक्सिजनाला जोडलेला असतो व तो ऑक्सिजन दुसऱ्या एखाद्या मध्यवर्ती अणूला बांधलेला असतो, अशी अम्ले. सल्फ्यूरिक अम्लात हा अणू गंधकाचा, नायट्रिक अम्लात नायट्रोजनाचा, तर परमँगॅनिक अम्लात मँगॅनीज या धातूचा असतो. कार्बॉक्सिलिक अम्लेही या व्याख्येत बसतात. पण प्रघातानुसार ती कार्बनी रसायनशास्त्रात मोडतात, म्हणून येथे वगळली आहेत.

ऑक्सिजन हेच अम्लतेचे कारण, हे मत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लाव्हाझ्ये यांचे. गंधक, फॉस्फरस व कार्बन जाळून मिळणारे पदार्थ पाण्यात अम्लधर्मी ठरतात, यावरून १७७७ च्या सुमारास त्यांनी ऑक्सिजनाला ‘अम्लजनक’ अशा अर्थाचे हे ग्रीक नाव घडवले. (मराठीतील ‘प्राणवायू’ या शब्दात ही चूक उतरलेली नाही.) त्या काळी निर्जल ऑक्साइडालाच अम्ल म्हणत, जुन्या ग्रंथांतील ‘कार्बनिक अम्ल’ म्हणजे बहुधा कार्बन डाय-ऑक्साइड, हे ध्यानात ठेवावे लागते. प्रुसिक (हायड्रोसायनिक) अम्लात ऑक्सिजन नसल्याचे बेर्तॉले यांनी १७८७ मध्येच दाखवले होते, तरी सिद्धांत टिकून राहिला. म्युरिॲटिक (हायड्रोक्लोरिक) अम्लात एक अज्ञात मूलद्रव्य ऑक्सिजनाशी संयोग पावलेले आहे आणि क्लोरीन हे त्याचेच अधिक ऑक्सिजनयुक्त रूप आहे, असे मानत. पांढरा प्रकाश देईपर्यंत तापवलेल्या कोळशानेही क्लोरिनातून ऑक्सिजन निघेना, तेव्हा हम्फ्री डेव्ही यांनी १८१० मध्ये त्याला मूलद्रव्य ठरवले. गे-ल्युसॅक व तेनार यांचे प्रयोग १८०९ मधले असल्याने श्रेयाबाबत मतभेद आढळतात. परंतु त्यांनी ही शक्यता मांडूनही जुनाच अर्थ पत्करला, त्यामुळे श्रेय डेव्ही यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. धातूने प्रतिष्ठापित होऊ शकणारा हायड्रोजन ही अम्लाची खूण, हे लीबिख यांनी १८३८ मध्ये स्पष्ट केले.

ऑक्सिअम्लाची तीव्रता मुख्यतः हायड्रोजन न जोडलेल्या ऑक्सिजन अणूंच्या संख्येवर अवलंबून असते. हे अणू इलेक्ट्रॉन ओढून घेतात व प्रोटॉन गेल्यावर उरलेला ऋण भार वाटून घेतात. क्लोरिनाच्या मालिकेत हायपोक्लोरस अम्लाचे पीकेए मूल्य (हे जितके कमी तितके अम्ल तीव्र) सुमारे ७.५, तर क्लोरस अम्लाचे सुमारे २ आहे. क्लोरिक तीव्र असून परक्लोरिक अतितीव्र आहे. पॉलिंग यांच्या स्थूल नियमानुसार असा प्रत्येक ऑक्सिजन हे मूल्य सुमारे ५ ने घटवतो.

सूत्रातले हायड्रोजन मोजून अम्लाची क्षारकता (एक रेणू किती प्रोटॉन देऊ शकतो ती संख्या) सांगणे मात्र धोक्याचे. फॉस्फरिक अम्ल त्रिक्षारकी आहे; फॉस्फरस अम्लातही हायड्रोजन तीनच, पण एक थेट फॉस्फरसाला जोडलेला असल्याने ते द्विक्षारकी ठरते. हायपोफॉस्फरस अम्लात असे दोन असल्याने ते एकक्षारकी. बोरिक अम्ल तर स्वतःचा प्रोटॉन देतच नाही. ते पाण्यातील हायड्रॉक्साइड आयन स्वीकारते व प्रोटॉन पाण्यातून सुटतो. व्याख्येच्या काटेकोर अर्थी त्याचे स्थान वादग्रस्तच.

काही ऑक्सिअम्ले त्यांच्या लवणांवरूनच अधिक परिचित आहेत. सल्फ्यूरस अम्ल शुद्ध स्वरूपात वेगळे करता आलेले नाही. हायपोफ्लुओरस अम्ल १९७१ मध्ये वेगळे करण्यात आले. ते स्फोटक असून त्यातील ऑक्सिजनाची ऑक्सिडीकरण अवस्था शून्य धरतात. त्याच्या अपघटनाने ऑक्सिजन व हायड्रोजन फ्लुओराइड, म्हणजे ऑक्सिजनविरहित अम्ल, मिळते.